सरकारी वकिलांच्या ऑफिसात काम करायचंय, पॅरालीगल डिप्लोमा पुरेल का?

प्राजक्ता_अंबाजोगाई

नमस्कार. माझं राज्यशास्त्र घेऊन बी.ए. झालंय आणि इग्नूचा पॅरालीगल प्रॅक्टिसचा एक वर्षाचा डिप्लोमा संपत आलाय. मराठी ३० ची टायपिंग परीक्षा पास आहे, एमएससीआयटी पण आहे. कॉलेज चालू असताना कोर्टासमोरच्या एका वकीलसाहेबांकडे टायपिंगला बसायचे. वकालतनामे, प्रतिज्ञापत्रं, मुदतीचे अर्ज हे सगळं हाताखालून गेलंय.

पण मला खासगी वकिलाकडे नाही, सरकारी वकिलांच्या ऑफिसात काम करायचंय. कारण सांगते. आमच्या शेजारच्या काकूंच्या मुलीची केस सेशनला चालू आहे, मुलगी सासरी असताना वारली. काकू प्रत्येक तारखेला जातात, व्हरांड्यात बसतात, संध्याकाळी परत येतात. आज काय झालं, पुढं काय होणार, हे त्यांना कोणी सांगत नाही. मला त्या ऑफिसात बसून हे सांगणारं माणूस व्हायचंय.

माझी मावसबहीण न्यू जर्सीला असते. तिकडे काउंटी प्रॉसिक्युटरच्या ऑफिसात पॅरालीगल म्हणून पगारी जागा असतात असं तिनं सांगितलं, तेव्हापासून डोक्यात बसलंय. आपल्याकडे अशी जागा असते का? जाहिरात कुठं येते? की आधी एलएलबी करावं? पप्पा म्हणतात बँकेची परीक्षा दे. कृपया ज्यांना आतली माहिती आहे त्यांनीच सांगा.

विधीमित्र_लातूर

ताई, तुम्ही जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे पॅरा लीगल व्हॉलंटिअरसाठी अर्ज करा. प्रशिक्षण देतात, ओळखपत्र मिळतं, मानधन पण आहे. तुमचा डिप्लोमा तिथं नक्की कामाला येईल. प्राधिकरणाचं ऑफिस जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं, सचिवांना भेटा.

सुनंदा_लघुलेखक

प्राजक्ता, मी एका जिल्हा सरकारी वकील कार्यालयात लघुलेखक आहे. आधी तिथेच लिपिक-टंकलेखक होते. जिल्ह्याचं नाव इथे लिहीत नाही, पण मराठवाड्यातलाच आहे.

वरच्या दादांनी सुचवलेलं काम चांगलं आहे. नालसाची, म्हणजे राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची, ती योजना २००९ पासून आहे आणि त्यातल्या कित्येक बायकांनी गावोगाव मोठी कामं केली आहेत. पण ती नोकरी नाही. काम केलं त्या दिवसाचं मानधन मिळतं, आणि ते काम सरकार पक्षाचं नसून मोफत विधी सहाय्याचं आहे. तू ते जरूर कर, अनोळखी माणसाशी बोलायची भीड मोडेल. मात्र त्यातून सरकारी वकिलांच्या ऑफिसात जायची वाट निघत नाही, हे माहीत असू दे.

आपल्याकडे अभियोग पक्षात पॅरालीगल नावाचं पद नाही. काम मात्र भरपूर आहे आणि ते चौघांत वाटलं गेलंय: ऑफिसातला लिपिक, लघुलेखक, पोलिसांचा कोर्ट पैरवी अंमलदार (ठाण्यातर्फे कोर्टाचं काम बघणारा) आणि सरकारी वकिलांचे ज्युनिअर. यातल्या पहिल्या दोन जागा तुझ्यासाठी आहेत.

आधी हे समजून घे की ऑफिसं दोन वेगवेगळी आहेत. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात सहायक सरकारी अभियोक्ता असतात. ते एमपीएससीतून येतात आणि गृह विभागाच्या अभियोग संचालनालयाखाली काम करतात. सेशन कोर्टात जिल्हा सरकारी वकील आणि त्यांचे अतिरिक्त सरकारी वकील असतात. त्यांची नेमणूक विधी व न्याय विभाग ठरावीक मुदतीसाठी करतो, आणि शासनाचे दिवाणी दावेही तेच बघतात. म्हणजे सेशनला साहेब येतात, मुदत संपली की जातात. कोणत्या खटल्यात कोणता साक्षीदार तपासायचा राहिलाय, कोणता रिपोर्ट प्रयोगशाळेतून आलेला नाही, हे माहीत असतं ते ऑफिसातल्या माणसांना. तुला कोणी सांगितलं की लिपिकाचं काम म्हणजे आवक-जावक, तर त्यावर विश्वास ठेवू नकोस.

भरतीचं म्हणशील तर एमपीएससीच्या गट-क संयुक्त परीक्षेतल्या लिपिक-टंकलेखक पदाकडे लक्ष ठेव. पदवी आणि मराठी ३० किंवा इंग्रजी ४० एवढं लागतं, ते तुझ्याकडे आहेच. वेतनश्रेणी एस-६, १९,९०० ते ६३,२००. आपल्याला हवं तेच ऑफिस मिळेल असं नाही, म्हणून पसंतीक्रम भरताना डोळ्यांत तेल घालून भर. लघुलेखनाच्या जागांची जाहिरात वेगळी येते. मराठी शॉर्टहँड ८० च्या गतीनं जमलं तर लघुटंकलेखक, १०० वर निम्नश्रेणी लघुलेखक. मी तर म्हणेन आजपासून शॉर्टहँड लाव. लिपिकाला फॉर्म भरणारे लाखात असतात, शॉर्टहँडचं प्रमाणपत्र असणारे फार थोडे. आमच्याकडे अशा जागा रिकाम्या राहिलेल्या मी पाहिल्या आहेत.

न्यायालयाची स्वतःची भरती ही अजून वेगळी गोष्ट. २०२३ च्या डिसेंबरात मुंबई उच्च न्यायालयानं राज्यभरातल्या जिल्हा न्यायालयांसाठी ४,६२९ जागांची एकत्रित जाहिरात काढली होती, त्यात लघुलेखक, कनिष्ठ लिपिक, शिपाई होते. ते लोक न्यायाधीशांच्या हाताखाली काम करतात, आपण सरकार पक्षाकडे. पण फॉर्म तोही भर. शिवाय विधी सेवा प्राधिकरणाची लोक अभिरक्षक कार्यालयं आहेत, तिथे कंत्राटी ऑफिस असिस्टंट आणि डेटा एंट्री ऑपरेटर घेतात. ती आरोपीच्या बचावाची बाजू आहे म्हणून नाक मुरडू नकोस. तिथे काम केलेली मुलगी दोषारोपपत्रातली गळती एका नजरेत पकडते, आणि आमच्या ऑफिसाला अशीच नजर हवी असते.

आता काम काय असतं ते लिहिते. डिप्लोमाच्या पुस्तकांत हे नसतं.

सकाळी बोर्ड काढायचा. आज कोणत्या कोर्टात कोणते खटले, त्यातले पुराव्याला कोणते, युक्तिवादाला कोणते, ते बघून फायली साहेबांच्या टेबलावर. फाइल म्हणजे नुसता गठ्ठा नव्हे. त्यात फिर्याद, घटनास्थळ पंचनामा, मरणोत्तर पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, अटक पंचनामा, निवेदन पंचनामा (आरोपीनं वस्तू काढून देतो म्हणून केलेल्या निवेदनाचा) आणि त्यावरून झालेली जप्ती, साक्षीदारांचे जबाब, सी.ए. रिपोर्ट (रासायनिक विश्लेषकाचा अहवाल) हे सगळं ज्या क्रमानं घडलं त्या क्रमानं लागलेलं हवं. मी प्रत्येक खटल्याला वर एक कागद लावते: साक्षीदाराचं नाव, तो काय शाबीत करणार, त्याचा जबाब कोणत्या पानावर, समन्स बजावलं का, आला का, कागदाला कोर्टाची निशाणी (एक्झिबिट नंबर) किती पडली. साहेब उभे राहून सरतपास, म्हणजे आपल्या साक्षीदाराची पहिली तपासणी, घेत असताना पान शोधत बसले तर समोरचा वकील ते बघतो आणि साक्षीदारही बघतो. साक्षीदाराचा धीर तिथेच सुटतो.

मुद्देमाल हा स्वतंत्र विषय आहे. साक्षीच्या दिवशी कुऱ्हाड कोर्टात हवी, कपड्यांची पाकिटं हवीत, लेबलांवरच्या सह्या पंचाला दाखवायच्या असतात. ठाण्यातल्या मुद्देमाल कारकुनाला आदल्या दिवशी फोन गेला नाही तर पंच समोर उभा आणि वस्तू ठाण्यात, अशी वेळ येते. मग पुढची तारीख. पंच म्हणजे कोण? कोणी हॉटेलात कामाला, कोणी ऊसतोडीला जाणारा. दिवाळीनंतर तो कोल्हापूर-सांगलीकडे फडावर असतो, कधी थेट कर्नाटकात. आपल्या भागातल्या साक्षीदारांची हजेरी आणि कारखान्यांचा हंगाम यांचा संबंध कोणत्याही पुस्तकात लिहिलेला नाही, पण समन्सची तारीख मागताना आम्ही तो धरतो. साहेबांना आठवण करून द्यायची, साहेब कोर्टाला विनंती करतात, बहुतेक वेळा कोर्ट ऐकतं.

डॉक्टर आणि तपास अधिकारी बदलून जातात. शवविच्छेदन केलेले डॉक्टर आज नंदुरबारला असू शकतात. त्यांचा नवा पत्ता काढायचा, व्हिडिओ कॉन्फरन्सिंगनं साक्ष घ्यायची असेल तर अर्ज तयार ठेवायचा. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम ३३६ आहे. बदलून, निवृत्त होऊन किंवा वारलेल्या अधिकाऱ्याच्या कागदावर त्या पदावर आज असलेल्या अधिकाऱ्याची साक्ष घेता येते. असं कलम आहे हे लिपिकाला ठाऊक असेल तर एक खटला काही महिने तरी आधी पुढे सरकतो.

मोबाइल, सीसीटीव्ही, कॉल डिटेल असलेला खटला आला की पहिल्यांदा नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं प्रमाणपत्र शोध. भाग ‘अ’ उपकरण ज्याच्या ताब्यात होतं त्याचा, भाग ‘ब’ तज्ज्ञाचा, आणि हॅश व्हॅल्यू (फाइलचा डिजिटल ठसा) लिहिलेली आहे का ते बघ. नसेल तर त्याच दिवशी साहेबांच्या कानावर घाल. साक्षीच्या दिवशी कळून उपयोग नाही.

जामीन अर्जांवरचं म्हणणं, म्हणजे सरकार पक्षाचं लेखी उत्तर, तर रोजचंच. तपास अधिकारी दुपारी धावत येतात, हातानं लिहिलेले मुद्दे देतात, साहेब सांगतात तसं टाइप करून कोर्ट उठायच्या आत दाखल करायचं. इथे तुझी टायपिंगची गती आणि शुद्धलेखन दोन्ही पणाला लागतात. आरोपीचं नाव, गुन्हा रजिस्टर नंबर, कलम यांत एका आकड्याची चूक चालत नाही.

आणि निर्दोष सुटका झाली की लगेच निकालाची नक्कल मागायची. शासनाला उच्च न्यायालयात अपील करायला ९० दिवस असतात. त्यात साहेबांचा अभिप्राय, प्रस्ताव, मंत्रालयाची मंजुरी हे सगळं बसवायचं. नक्कल मिळायला लागलेले दिवस वजा होतात हे खरं, पण प्रस्ताव टेबलावर पडून राहिलेले दिवस होत नाहीत.

दोन गोष्टी जिवापाड सांभाळायच्या. बलात्कार किंवा पोक्सोच्या खटल्यातल्या मुलीचं नाव, गाव, शाळा तुझ्या तोंडून ऑफिसबाहेर जाता कामा नये, घरी आईजवळसुद्धा नाही. नव्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली नाव छापणं, प्रसिद्ध करणं हा गुन्हा आहे, पण मी गुन्ह्याच्या भीतीनं सांगत नाही. ती मुलगी उद्या त्याच बाजारात भाजी घ्यायला येणार असते. दुसरं, साक्षीदाराला काय बोलायचं ते आपण सांगायचं नाही, कितीही कळवळा आला तरी. त्याच्याशी साक्षीबद्दल साहेब बोलतील. आपण पाणी द्यायचं, बसायला जागा द्यायची, आरोपीच्या नातेवाइकांपासून लांब बसवायचं, भत्त्याचा अर्ज भरून द्यायचा, किती वेळ लागेल ते खरं सांगायचं. काकूंना जे मिळालं नाही ते यातलंच आहे.

पैरवी_हवालदार

सुनंदाताईंनी सगळं बरोबर लिहिलंय. मी एका पोलीस ठाण्याचा कोर्ट पैरवीचा माणूस. ताई, तुम्ही त्या ऑफिसात आलात तर आमच्याशीच जास्त गाठ पडेल, म्हणून दोन शब्द.

फिर्यादीत दिलेला मोबाइल नंबर खटला उभा राहीपर्यंत बंद झालेला असतो. तेव्हा गावच्या पोलीस पाटलाला फोन लावा. माणूस पुण्यात कोणत्या साइटवर आहे, कोणत्या पाहुण्याकडे आहे, ते त्याला माहीत असतं. समन्स आता इलेक्ट्रॉनिक पद्धतीनंही पाठवता येतं, पण म्हाताऱ्या माणसाला घरी जाऊन हातात कागद दिला आणि समजावलं तरच तो येतो, हा माझा अनुभव.

समन्स परत आलं की त्यावरचा बजावणी अहवाल वाचा. ‘मिळून आला नाही’ एवढंच लिहिलं असेल तर आम्हाला परत पाठवा आणि विचारा, कुठं शोधलं, कोणाला विचारलं. आम्हाला राग येत नाही. ऑफिसातून असं विचारणारं कोणी असलं की ठाण्यातसुद्धा काम नीट होतं.

आणि तारीख आठवडाभर आधी कळवा. बंदोबस्त लागला की आमचा माणूस हलत नाही.

प्राजक्ता_अंबाजोगाई

सुनंदाताई, हवालदार काका, मनापासून आभार. एवढं सविस्तर कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. रात्री पप्पांना वाचून दाखवलं.

अजून दोन शंका. एक, नोकरी लागल्यावर एलएलबी करून तिथंच सरकारी वकील होता येतं का? दुसरी विचारायला जरा संकोच वाटतो. खुनाचे, लहान मुलांचे कागद रोज टाइप करून माणूस आतून कसा होतो? मी वकीलसाहेबांकडे असताना एक शवविच्छेदन अहवाल टाइप केला होता, दोन रात्री झोप नव्हती.

सुनंदा_लघुलेखक

एलएलबीबद्दल स्पष्ट सांगते, कारण यात पुष्कळ मुलं चुकीच्या आशेवर राहतात. तीन वर्षांच्या एलएलबीला सीईटी सेलची परीक्षा द्यावी लागते. पोस्टानं केलेल्या एलएलबीवर सनद मिळत नाही, वर्गात हजेरी लागते, आणि नोकरीत असशील तर खात्याची परवानगी आधी घ्यावी लागते. हे जमवणारे लोक आहेत. पण पगारी नोकरी चालू असेपर्यंत वकिलीची सनद वापरता येत नाही. सहायक सरकारी अभियोक्ता व्हायला वकिलीचा अनुभव लागतो, आणि सेशनच्या सरकारी वकिलाला कायद्यानंच किमान ७ वर्षांची वकिली लागते. ऑफिसात लिपिक म्हणून काढलेली वर्षं त्यात धरत नाहीत, मग तू कितीही खटले तयार केलेले असोत. म्हणून ठरव. उभं राहून खटला चालवायचा असेल तर आत्ताच एलएलबीला जा, वय तुझ्या बाजूनं आहे. खटला तयार करण्यात जीव रमणार असेल तर परीक्षेला बस. माझा जीव इथे रमला. सनद घेण्याचा विचार मी कधी केला नाही आणि त्याची खंतही नाही.

दुसऱ्या शंकेत संकोच कसला? हे विचारणारी मुलगी या कामाला लायक आहे असं मला वाटतं. त्रास होतो. सवय होते असं लोक म्हणतात, ते अर्धंच खरं आहे. हात सरावतात, मन तेवढं सरावत नाही. लहान मुलाचा जबाब टाइप करायचा असला तर मी तो सकाळी घेते, संध्याकाळी शेवटी घेत नाही, कारण मग ते शब्द घरापर्यंत सोबत येतात. आमच्या ऑफिसात आम्ही दोघी बायका आहोत, अशा कागदानंतर एकीनं चहा मांडायचा आणि दुसरीनं शेजारी बसायचं, बोललंच पाहिजे असं नाही. घरी सांगता येत नाही, नावं सांगायची नसतात, म्हणून ऑफिसातच एक माणूस जोडून ठेव. आणि झोप उडाली तर ते दुबळेपण समजू नकोस. ज्यांना काहीच वाटेनासं झालंय अशांच्या हातून पानं मागेपुढे लागतात, जबाब अर्धा वाचला जातो, असं मी पाहिलंय.

तयारीचं म्हणशील तर अंबाजोगाईला सेशन कोर्ट आहे. बलात्कार-पोक्सोचे खटले बंद दाराआड चालतात, बाकीच्यांत कोणीही नागरिक मागच्या बाकावर बसू शकतो. जा आणि एका साक्षीदाराचा सरतपास आणि उलटतपास पूर्ण ऐक. घरी येऊन ई-कोर्ट्सच्या, म्हणजे न्यायालयांच्या सरकारी, साइटवरून सेशनचा एखादा मराठी निकाल उतरवून घे. मोफत मिळतो. न्यायाधीशांनी कोणता साक्षीदार का मानला नाही, ते परिच्छेद परत परत वाच. त्यातून तुला कळेल की कोणता कागद कमी पडला होता. आणि जुने-नवे कायदे दोन्ही शिक. १ जुलै २०२४ च्या आधी घडलेला गुन्हा भारतीय दंड संहितेखालीच चालतो, त्यामुळे अजून बरीच वर्षं खुनाचं जुनं कलम ३०२ आणि न्याय संहितेतलं नवं १०३ दोन्ही टेबलावर असणार आहेत.

आता काकूंचं. नोकरी लागेपर्यंत थांबायचं काही कारण नाही, हे तू आत्ताच करू शकतेस. त्यांच्याजवळ कोर्टाचा कोणताही कागद असेल त्यावर १६ अक्षर-अंकांचा सीएनआर नंबर, म्हणजे खटल्याचा ओळख क्रमांक, सापडेल. नसेल तर पक्षकाराच्या नावानं ई-कोर्ट्सवर शोध. पुढची तारीख, आज काय झालं, खटला कोणत्या टप्प्यावर आहे, सगळं त्यात दिसतं. तारखेच्या दिवशी काकूंना घेऊन सरकारी वकिलांच्या ऑफिसात जा, गर्दी नसते अशा वेळी, साधारण सकाळी साडेदहाच्या आत. लिपिकाला विचार, आमच्या खटल्यात किती साक्षीदार झाले आणि किती राहिले. कोर्टानं परवानगी दिली तर पीडित पक्षाला स्वतःचा वकील सरकारी वकिलांच्या मदतीला देता येतो, हे काकूंना सांग. आणि निकाल विरोधात गेला तर अपिलाचा हक्क त्यांना स्वतःलाही आहे. शासनाच्या निर्णयाची वाट बघत बसायची गरज नाही, फक्त नक्कल लगेच मागायची.

काकूंच्या खटल्याचा तो सीएनआर नंबर इथे टाकू नकोस. काही अडलं तर मला खासगी निरोप पाठव, शनिवारी दुपारनंतर मी मोकळी असते.